पॅक-१२ रिकामी कशी झाली?

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांनाही लाख-लाख प्रेक्षक येतात. फुटबॉल म्हणजे तिथला, लंबगोल चेंडूचा आणि हेल्मेट घालून खेळायचा. हे संघ कॉन्फरन्समध्ये खेळतात. कॉन्फरन्स ही विद्यापीठांनी मिळून चालवलेली लीग. ती वेळापत्रक आखते, आपला विजेता ठरवते आणि सर्वांच्या वतीने टीव्हीचा करार करून पैसे वाटते. लीगचा दर्जा कशावर ठरतो हे समजून घ्यायचे, तर या शेवटच्या कामाकडे पाहावे लागते.

१९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणावरचा एनसीएए या राष्ट्रीय संस्थेचा एकहाती ताबा बेकायदा ठरवला. हक्क विद्यापीठांकडे आणि कॉन्फरन्सकडे आले. ज्या लीगकडे नावाजलेले संघ आणि मोठ्या शहरांतला प्रेक्षक, तिचा करार मोठा, असे गणित तेव्हापासून बसले.

पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ या लीगची परंपरा १९१५ पासूनची. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी २०२४ पासून बिग टेन या दुसऱ्या लीगमध्ये जाण्याचे जाहीर केले. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. पाठोपाठ बिग १२ या आणखी एका लीगनेही आपला करार उरकला. पॅक-१२ मात्र लॉस एंजेलिस हातचे गेल्यावर खरेदीदार शोधत राहिली.

इथे एक कागद निर्णायक ठरतो: ग्रँट ऑफ राइट्स. यावर सही करणारे विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क कराराच्या मुदतीपुरते लीगच्या नावे करते. मध्येच लीग सोडली, तरी हक्क लीगकडेच राहतात. पॅक-१२ची ही मुदत २०२४च्या उन्हाळ्यात संपत होती, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी मोकळे होता येणार होते. नवा प्रस्ताव आला अ‍ॅपलचा. त्यात हमीची रक्कम बेताची होती आणि पुढची कमाई वर्गणीदार किती मिळतात यावर अवलंबून होती.

२७ जुलै २०२३ रोजी कोलोरॅडो बिग १२कडे वळले. ४ ऑगस्टला एकाच दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, तर अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२मध्ये गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया (बर्कली) यांना अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसीने घेतले. उरली फक्त ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. कोर्व्हॅलिस आणि पुलमन या छोट्या गावांतली, म्हणून टीव्हीच्या बाजारात मागे पडलेली.

त्याच हंगामात वॉशिंग्टनचा संघ पॅक-१२ जिंकून राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. खेळात लीग कुठेच कमी नव्हती, तरी तिचा दर्जा गेला. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या, बारा संघांच्या नव्या प्लेऑफमध्ये आधी सहा कॉन्फरन्स-विजेत्यांना थेट जागा मिळणार होत्या. फेब्रुवारी २०२४मध्ये त्या पाच झाल्या. ‘पॉवर फाइव्ह’ म्हणवणाऱ्या पाच बड्या लीगच्या जागी ‘पॉवर फोर’ची भाषा रुळली.

अ‍ॅरिझोना स्टेट, यूएससी ही नावे मुले शिकायला गेलेल्या अनेक मराठी घरांना परिचयाची आहेत. तिथली पदवी आणि अभ्यासक्रम यांना या उलथापालथीने धक्का लागलेला नाही. झळ बसते ती खेळाडूंना. लॉस एंजेलिसच्या संघाला आता लीगच्याच सामन्यासाठी न्यू जर्सीच्या रटगर्सपर्यंत, सुमारे चार हजार किलोमीटर जावे लागते. करार घडला फुटबॉलमुळे, पण व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींनाही तोच प्रवास आणि तेच बुडालेले तास वाट्याला येतात. हे मला अन्यायाचे वाटते.

मागे राहिलेल्या दोघांनी कोर्टात जाऊन लीगच्या कारभाराचा आणि मालमत्तेचा ताबा मिळवला. वरच्या पातळीवर खेळायला लीगमध्ये किमान आठ फुटबॉल संघ लागतात. ते जमवायला दोन वर्षांची सवलत मिळते. त्या मुदतीत बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, टेक्सस स्टेट असे सहा फुटबॉल संघ २०२६ पासून घेण्याचे ठरले आणि आठचा आकडा गाठला. नाव टिकले, हे त्या दोघांच्या चिकाटीचे यश आहे. पण लीगचा दर्जा नावाबरोबर आपोआप येत नाही. तो सभासद कोण आणि ते किती काळासाठी बांधलेले आहेत, यावर ठरतो. म्हणून कोणत्याही लीगचे भवितव्य जोखताना गुणतक्त्याच्या आधी कराराची मुदत पाहावी.