उभ्याने पाहिलेला ऑपेरा

युरोप म्हटलं की आपल्याकडे दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक, पंधरा दिवसांत दहा देश दाखवणाऱ्या बसचं आणि दुसरं, त्यानंतरच्या रिकाम्या पासबुकाचं. आमच्या घरी विषय निघाला तेव्हा आईने दोन्ही चित्रं बाजूला सारली. "एकच गाव बघू, पण नीट बघू," ती म्हणाली. सत्तरी गाठलेली, दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारलेली, निवृत्त शिक्षिका. तिच्या म्हणण्याला घरात अपील नाही.

गाव ठरलं व्हिएन्ना. कारण गाणं. आईचं बालपण सांगलीचं. जिथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' करून मराठी रंगभूमीचा पाया घातला, त्या गावात जन्मूनही तिने लहानपणी एकही संगीत नाटक पाहिलं नव्हतं. घरात पाच भावंडं, तिकिटाला पैसे कुठून आणणार? कनातीबाहेर उभं राहून ती पदं ऐकायची. "नाटक मी ऐकलंय, पाहिलं नाही," हे वाक्य आम्ही मुलांनी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याकडे लक्ष देणंच सोडून दिलं होतं.

हिशेबाची वही

परदेशात पाऊल ठेवल्यावर मराठी माणसाच्या डोक्यात गुणाकार सुरू होतो. एक युरो म्हणजे साधारण शंभर रुपये. म्हणजे कॉफी पाचशेची! आईने चाळीस पानी वही आणली होती आणि तिच्यात रोजचा खर्च टिपायचा नियम केला होता. पण दुसऱ्या दिवशी तिनेच फर्मान काढलं : "हिशेब युरोत लिहायचा. रुपये केले की घशाखाली घास उतरत नाही."

काही गोष्टी आधीच शिकून गेलो होतो. विमानतळावरून शहरात जायला एक वेगळी जलद गाडी आहे. पण साधी लोकलही पंचवीसेक मिनिटांत मध्यवस्तीत पोचवते आणि तिचं भाडं बरंच कमी पडतं. राहायला हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. सकाळी बेकरीतला ताजा पाव, रात्री वरणभात आणि सोबत नेलेलं मेतकूट. एक धडा मात्र तिथे गेल्यावर मिळाला. रविवारी तिथली वाणसामानाची दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली काही सोडली तर. तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवावी.

पाणी विकत घेऊ नये. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली वाहिनी १८७३ साली सुरू झाली, दुसरी १९१० साली. पाणी उतारानेच शहरापर्यंत वाहत येतं. रस्त्यावरच्या पाणपोयांवर बाटली भरून घेतली की झालं.

कंजुषी कुठे करू नये, तेही सांगते. प्रवासाच्या विम्यात नाही, पायांतल्या बुटांत नाही आणि मेट्रोच्या तिकिटात तर मुळीच नाही. तिथल्या स्टेशनांवर अडवणारे दरवाजे नाहीत. माणूस बिनधास्त आत शिरतो. पण तपासनीस भेटला की शंभर युरोंहून जास्त दंड.

विगवाले मोझार्ट

पहिल्या संध्याकाळी आम्ही फसलोच. शहराच्या मध्यभागी पांढरे विग आणि जरीचे लांब कोट घातलेले तरुण हातात फाइल घेऊन उभे असतात. हे मैफलींची तिकिटं विकणारे. एकाने आईला लवून नमस्कार केला आणि पुढच्या दहा मिनिटांत आमच्या खिशातून शंभर युरो गेले. मैफल एका साध्या दिवाणखान्यात होती. वाजवणारे चांगले होते, पण त्यांची नजर घड्याळावर. प्रत्येक रचनेचा सर्वांना ठाऊक असलेला तुकडाच तेवढा वाजला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "नुसती मुखडे म्हणण्याची भेंडी झाली ही." त्या रात्री वहीत शंभराच्या आकड्याभोवती तिने चौकट काढली.

मग आम्ही शहाण्या झालो. या शहरात किती गोष्टी फुकट आहेत, ते शोधायला लागलो. शोनब्रुन राजवाड्याच्या आत जायला तिकीट आहे, पण बागेचा मोठा भाग मोकळा. प्राटर हे एके काळचं राजघराण्याचं शिकारीचं रान. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७६६ साली ते जनतेला खुलं केलं. आजही आत शिरायला पैसे पडत नाहीत, १८९७ सालच्या उंच पाळण्यात बसलात तरच पडतात. आम्ही खाली बाकावर बसून तो फिरताना पाहिला. रविवारी अकराला ऑगस्टिनर चर्चमधल्या प्रार्थनेला वाद्यवृंद आणि गायकांचा ताफा असतो. श्रद्धेने येणाऱ्यांत आपण शांतपणे मागे बसावं, दानपेटीत इच्छेप्रमाणे टाकावं. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर नगरभवनापुढच्या चौकात भल्या मोठ्या पडद्यावर रोज संध्याकाळी संगीताचे चित्रपट दाखवतात, तेही विनामूल्य. आणि मुलं बरोबर असतील तर लक्षात ठेवा, तिथल्या सरकारी संग्रहालयांत १९ वर्षांखालच्यांना तिकीट नाही.

कॉफी मात्र घेतलीच. पाच-सहा युरो मोजले की चांदीसारख्या चकचकीत तबकात कॉफी आणि सोबत पाण्याचा पेला येतो. मग वर्तमानपत्रं चाळत दोन तास बसा, उठा म्हणून कोणी सांगत नाही. पैसे कॉफीचे नसतात, जागेचे असतात, हे आईच्या चटकन लक्षात आलं.

खुर्ची बाहेर, गाणं आत

ऑपेरागृहाचा बेत शेवटच्या संध्याकाळसाठी राखला होता. ही वास्तू १८६९ साली मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी'ने उघडली. पुढे अकराच वर्षांनी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. मार्च १९४५ मध्ये बॉम्बवर्षावात या इमारतीचा बराचसा भाग जळून गेला. दहा वर्षांनी, १९५५ च्या नोव्हेंबरात, बेथोव्हनच्या 'फिडेलिओ'ने पुन्हा पडदा वर गेला.

इथल्या चांगल्या खुर्चीचं तिकीट दोनशे युरोंच्या पुढे जातं. पण याच नाट्यगृहात चारशेहून अधिक जागा उभ्याच्या आहेत, अगदी स्वस्त. ही तिकिटं प्रयोगाच्या दिवशीच मिळतात. संध्याकाळची खिडकी सुरुवातीच्या ऐंशी मिनिटं आधी उघडते, रांग त्याही आधी लागते. नियम बदलत असतात, तेव्हा आधी चौकशी करून जावं.

त्यातही आणखी एक सोय होती. मे महिन्याचे दिवस होते. एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरमध्ये बऱ्याच संध्याकाळी आतला प्रयोग बाहेरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवतात. चौकात खुर्च्या मांडलेल्या असतात आणि पैसे लागत नाहीत. आईच्या गुडघ्यांकडे पाहून मी म्हटलं, "आई, तू इथे खुर्चीवर बस ना. दिसेलही छान, पैसेही वाचतील."

तिने खुर्च्यांकडे पाहिलं, मग त्या दगडी कमानींकडे.

"बाहेर राहून ऐकायचं ते माझं सांगलीलाच झालंय," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

दोघींचे मिळून चाळीस युरोंच्या आत काम झालं. उभ्याची सगळ्यांत चांगली जागा तळमजल्यावर, जुन्या राजघराण्याच्या कक्षाच्या बरोबर खाली. म्हणजे सम्राटाला दिसायचं तेच आपल्याला, फक्त खुर्ची नाही. टेकायला कठडा असतो. आपली जागा राखायची तर कठड्याला रुमाल बांधून ठेवायचा आणि खुशाल पाय मोकळे करून यायचं. बांधलेल्या रुमालाला कोणी हात लावत नाही. आपल्या एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची पद्धत आईला चांगलीच ठाऊक. तिने गाठ मारली ती सराईतपणे.

पुच्चिनीचा 'ला बोएम' होता, झेफिरेल्लीने १९६३ साली इथे बसवलेला तोच प्रयोग. पॅरिसमधली चार फाटकी मित्रमंडळी. थंडीत शेगडीला लाकूड नाही म्हणून कवी आपल्या नाटकाचं हस्तलिखित जाळतो, घरमालक थकलेलं भाडं मागायला येतो. आई खुदकन हसली. कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी भाषांतर येत होतं. पहिल्या अंकात ती ते वाचत होती. नंतर तिने तिकडे पाहणंच सोडलं.

मध्यंतरात ती बाहेरच्या बाकावर बसली. गुडघा सुजला होता. मी जाऊ या का म्हणून विचारलं, तर तिने नुसती पाण्याची बाटली मागितली. उरलेले दोन अंक माझ्या खांद्यावर हात ठेवून, पण उभ्यानेच तिने पाहिले. शेवटी आजारी मिमी त्याच थंड खोलीत प्राण सोडते. शेजारचा पांढऱ्या केसांचा गृहस्थ डोळे पुसत होता. त्याने खिशातला दुसरा रुमाल न बोलता आईपुढे धरला. तिचा स्वतःचा कठड्याला बांधलेला होता ना!

खोलीवर परतलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. गुडघ्याला मलम चोळून झाल्यावर तिने वही उघडली. चौकटीतल्या शंभराच्या बऱ्याच खाली दिवसाचा खर्च लिहिला : ट्राम, पाव, सफरचंदं, उभ्याची तिकिटं दोन. मग त्यापुढे, जिथे एरवी ती "महाग" किंवा "ठीक" असा शेरा मारायची, तिथे लिहिलं, "पाहिलं."