मरळ शोधायची तर आधी पाणी कधी सुटलं ते विचारा

काठी, रीळ, दोरी हे सगळं मागच्या भागात झालं. आज मासा. एकच मासा, मरळ. आणि एकच प्रश्न, की वर्षाच्या कुठल्या दिवसांत ती कुठे सापडते.

मी बोलतोय पापनाशमहून. तमिळनाडूत पापनाशम दोन आहेत, त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. धबधब्याचं आणि धरणाचं ते तिरुनेलवेलीकडचं, ताम्रपर्णी नदीवरचं. आमचं पापनाशम तंजावर जिल्ह्यातलं, तंजावर आणि कुंभकोणमच्या मधलं. इथे डोंगर नाही, धबधबा नाही. कावेरीचे फाटे, त्या फाट्यांचे कालवे, कालव्यांचे पाट, पाटांवर भातखाचरं आणि दर गावात दोन-तीन तळी. सासुरवाडी इथली, तंजावरी मराठी घर. म्हणून निवृत्तीनंतर वर्षातला बराच काळ मी इथेच असतो.

मरळ तुम्हाला ठाऊक आहे. तमिळमध्ये तिला विराल म्हणतात, तेलुगूत कोरमीनु. तेलंगणाने तर तिला राज्याचा मासा केलंय. सापासारखं डोकं, अंगावर तिरपे पट्टे, तोंडात बारीक पण धारदार दात. ही पाण्यात फिरून शिकार करत नाही, दबा धरते. गवताच्या किंवा कमळाच्या पानांच्या कडेला अगदी स्तब्ध राहते आणि बेडूक टप्प्यात आला की एका झेपेत खलास. आमच्या भाषेत सांगायचं तर अँबुश. आणि अँबुश लावणारा कुठे बसलाय हे शोधायचं, तर त्याची वाट पाहण्याची जागा कोणती असेल याचा विचार करावा लागतो. सगळं तळं फेकून फेकून विंचरण्यात अर्थ नाही. सुरुवातीला मी तेच केलं. दोन महिने रोज सकाळी गळ टाकला आणि हाताला लागल्या दोन मरळी.

मला हे शिकवलं ते शेजारच्या गावातल्या एका निवृत्त सुभेदारांनी. सॅपर पलटणीतले. नोकरीत मी त्यांना हुकूम दिले असते, इथे तळ्यावर ते मला देतात. अजून ‘साब’ म्हणतात, पण आवाज उस्तादाचा असतो. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “साब, पाणी कधी सुटलं?” मी म्हटलं, कुठलं पाणी?

तिथून माझी शाळा सुरू झाली.

हे समजायला थोडं लांब जातो. माझा एक भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिकडच्या तळ्यांत मस्की नावाचा मासा आहे, तोही दबा धरणारा, चांगला हातभर-दीड हात लांब. शेजारच्या विस्कॉन्सिनने १९५५ मध्ये त्याला राज्याचा मासा ठरवलं. तिकडे त्याला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात, इतका तो दुर्मिळ लागतो. मी दोन दिवस भाच्याबरोबर होडीत काढले. एक मस्की आमिषामागे होडीपर्यंत आली, माझ्याकडे पाहिलं आणि गेली. पण गंमत अशी, की तिथले लोक सगळा हिशोब पाण्याच्या तापमानावर करतात. बर्फ वितळल्यावर मासा उथळात, उन्हाळ्यात पाणवेलींच्या बाहेरच्या कडेला, तळं गोठण्याआधीच्या गार दिवसांत मोठे मासे. आमच्याकडे पाण्याचं तापमान तितकं हलत नाही. आमच्याकडे पाणीच येतं आणि जातं.

ते येतं मेट्टूरहून. मेट्टूरचं धरण १९३४ साली झालं, आणि रिवाजाप्रमाणे त्याचे दरवाजे १२ जूनला उघडतात आणि २८ जानेवारीला बंद होतात. रिवाज म्हटलं, कारण धरणात पाणी असेल तरच तो पाळला जातो. २०२२ मध्ये २४ मेलाच पाणी सुटलं. २०२४ मध्ये २८ जुलै उजाडला. त्या वर्षी मी जूनच्या मध्याला वहीतल्या नोंदींप्रमाणे पाटाच्या तोंडाशी जाऊन बसलो, आणि पाटात शेळ्या चरत होत्या. तेव्हापासून वहीत तारीख लिहीत नाही. ‘पाणी आल्यापासून दिवस पाचवा’, ‘दिवस चाळीसावा’ असं लिहितो. तुम्हीही तसंच लिहा. महाराष्ट्रात कालव्यावरच्या किंवा बंधाऱ्यामागच्या तळ्यावर जाणारे असाल तर आवर्तन कधी सुटलं ते लिहा. तारखेचा उपयोग नाही.

पहिलं पाणी येतं ते गढूळ, काडीकचऱ्यासकट. कोकणातल्या मंडळींना चढणीचे मासे माहीत आहेत. मृगाच्या पहिल्या पावसात मासे ओढ्याच्या उलट्या अंगाने वर चढतात. तसंच इथे घडतं, फक्त आभाळाऐवजी धरणाच्या दरवाजामुळे. उन्हाळाभर डबक्यात अडकलेली मरळ नवं पाणी लागताच हलते, पाटाच्या दिशेने येते. ओल्या गवतावरून सरपटत एका तळ्यातून दुसऱ्यात जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. या आठवड्यात तळ्याच्या मध्यावर गळ टाकू नका. पाट तळ्यात शिरतो तिथे, धारेच्या बाजूला जे संथ पाणी असतं तिथे टाका. मरळ धारेत उभी राहत नाही, धारेच्या काठाशी राहते. धार तिच्यासाठी खाणं आणते.

मग पाणी निवळतं, कुरुवै भाताची लावणी होते आणि मरळ खाचरांत पसरते. आता ती सगळीकडे असते, म्हणजे कुठेच नसते. हे दिवस मी सोडून देतो. फार तर संध्याकाळी खाचराच्या मोरीपाशी दहा-वीस फेकी. ऑगस्टच्या सुरुवातीला आडिपेरुक्कु येतो, आडि महिन्याचा अठरावा दिवस, बायका कावेरीची ओटी भरायला नदीवर जातात. त्या सुमाराला पाट काठोकाठ असतात आणि गळवाल्याचे हात रिकामे.

बेडकाबद्दल एक सांगून टाकतो. इथे पूर्वीपासून जिवंत बेडूक गळाला लावून बांबूच्या काठीने मरळ धरतात. मी रबरी बेडूक वापरतो. एक तर जिवंत बेडूक खाचरातली कीड खातो. त्याच्या तंगड्यांची निर्यात आपल्या देशाने १९८७ मध्ये बंद केली, ती उगीच नाही. आणि दुसरं म्हणजे रबरी बेडकाचे गळ पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळे जलपर्णीत अडकत नाहीत. सात फुटी कडक काठी, चाळीस पौंडी विणलेली दोरी. पानांच्या फटीच्या पलीकडे टाका, टुकटुक करत फटीपर्यंत आणा आणि तिथे थांबा. थांबणं महत्त्वाचं. पाणी फुटल्याचा आवाज होईल, तुमचं काळीज हलेल आणि हात आपोआप झटका देईल. देऊ नका. मनात एक, दोन म्हणा, दोरीला वजन जाणवू द्या, मग ओढा. बत्तीस वर्षं फौजेत काढूनही मला हे दोन आकडे मोजायला दीड वर्ष लागलं.

आता जे सांगायला मी बसलो ते.

ऐप्पसी आणि कार्तिगै, म्हणजे आपला साधारण आश्विन-कार्तिक ते मार्गशीर्षाचा आरंभ. आपल्याकडे पाऊस संपलेला असतो. इथे ईशान्येचा मोसमी पाऊस तेव्हाच सुरू होतो. हाच मरळीच्या विणीचा भर. जोडी मिळून पाणगवतात थाळ्याएवढी जागा साफ करते, अंडी वर तरंगतात, आणि एक-दोन दिवसांत पिल्लं. पिल्लं शेंदरी असतात. शेकडो पिल्लांचा तो पुंजका पाण्याच्या पृष्ठाशी उकळल्यासारखा दिसतो, आणि त्याच्या खाली आई-बाप. मरळीला हवेतला श्वास घ्यावाच लागतो, पिल्लंही थोड्याच दिवसांत वर येऊ लागतात. म्हणून तो पुंजका लपत नाही.

त्या पुंजक्याखाली मरळ नक्की असते. अगदी नक्की. तिथून बेडूक ओढला, की ती भुकेने नव्हे, रागाने येते. वर्षभरात याहून सोपा नेम नाही.

पहिल्या वर्षी मी तो धरला. सुभेदार दुसऱ्या काठावर होते. दोन किलोची मरळ, माझी तोवरची सर्वांत मोठी. डोक्यात काठी घालून मारली आणि वर धरून त्यांना दाखवली. ते चालत आले. माशाकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं. म्हणाले, “साब, दुसरी तिथेच आहे. आता गळ टाकू नका. बसा.” एरवी तास अन् तास बोलणारा माणूस गप्प बसला, म्हणून मीही बसलो.

उरलेली मरळ एका बाजूने हाकलत होती तोवर दुसऱ्या बाजूने जिलेबी शिरले. जिलेबी म्हणजे आपली चिलापी, इथे तिचं हेच नाव आहे. पुंजका दोन तुकड्यांत फुटला. एक तुकडा काठाकडे सरकला, तिथे खंड्या होता. तासाभरात शेंदरी रंग मुठीएवढा उरला. मी विचारलं, टाकून देऊ का मासा? “मेलेला टाकून काय होणार?” म्हणाले. “न्या घरी.” सासूबाईंनी चिंचेचं कालवण केलं. चांगलं झालं होतं, खाल्लं. पापनाशम नावाच्या गावात राहतो म्हणून सगळं धुऊन निघतं असं समजायचं कारण नाही, एवढं त्या रात्री कळलं.

तर शेंदरी पुंजका दिसला की त्या तळ्यावर मी काठी उचलत नाही. पिल्लं बोटाएवढी होऊन तपकिरी पडेपर्यंत, म्हणजे काही आठवडे. महाराष्ट्रात हाच काळ जून ते ऑगस्टमध्ये येतो. तिथेही हेच पाळा. पुंजक्यातून मरळ काढून तिचे व्हिडिओ टाकणारी मंडळी आहेत. त्यात कसब काहीच नाही.

खरं कसब जानेवारीत लागतं, आणि हंगामही तोच. सांबा भात पिकत येतं, शेतकरी खाचरांतलं पाणी काढतो, २८ तारखेच्या आसपास वरून पाणी बंद होतं. पसरलेली मरळ आता उलट्या वाटेने तळ्याकडे येते. पाट तळ्याला मिळतो त्याच्या खालच्या अंगाला, जिथे तळ खोल होत जातो, तिथे उभे राहा. मार्गळीच्या पहाटे गार असतात, नऊपर्यंत काही हलत नाही. ऊन पडलेल्या उथळ काठावर नऊ ते अकरा पाहा. मात्र परवानगी घेऊन. गावतळ्यांचे मासे बहुतेक ठिकाणी ठेक्याने दिलेले असतात. आणि देवळाच्या पुष्करणीत गळ टाकायचा नाही, हे सांगायला लागू नये.

पंगुनी-चित्तिरैत तळी आटतात. मरळ चिखलात तग धरून राहते, म्हणून लोक पंप लावून तळं उपसतात आणि हातांनी धरतात. बाजारात ती जिवंत विकली जाते आणि भाव चांगला मिळतो. तो त्यांचा पोटापाण्याचा मामला. मी तेव्हा काठीला तेल लावून ठेवतो. सकाळी सुभेदारांचा फोन येतो, पेपरातला मेट्टूरच्या पातळीचा आकडा सांगायला. भरलं तर १२० फूट. काल आकडा त्यांनी सांगितलाच नाही. म्हणाले, “साब, पाटातला गाळ काढायला मशीन आलंय.”