इंजिनाचा संगणक आणि कोष्टक-वाचन : मापन, अंतर्वेशन व उत्तरदायित्व

प्रस्तावना

पेट्रोल इंजिनात ठिणगी नेमकी केव्हा पडावी, या प्रश्नाला सर्व परिस्थितींत लागू पडेल असे सुटसुटीत सूत्र नाही. सिलिंडरमधील मिश्रण एकाच क्षणी पेटत नाही. ज्योत पसरण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. त्यामुळे दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या काही अंश आधीच ठिणगी द्यावी लागते. किती अंश आधी, हे इंजिनाचा वेग, आत शिरलेली हवा, ज्वलनकक्षाचा आकार आणि इंधनाची प्रत यांवर अवलंबून असते. उशीर झाल्यास शक्ती वाया जाते. फार घाई झाल्यास नॉकिंग होऊन दट्ट्यालाच इजा पोहोचते.

पूर्वी हे काम डिस्ट्रिब्यूटरमधील वजने, स्प्रिंगा आणि निर्वातावर हलणारा पडदा करीत असत. स्प्रिंगेच्या स्वभावात जे वळण असेल, तेच इंजिनाला स्वीकारावे लागे. १९७९ मध्ये बॉश कंपनीची मोट्रॉनिक प्रणाली बीएमडब्ल्यू ७३२आय या मोटारीत आली आणि ठिणगी व इंधन या दोहोंचे नियंत्रण एकाच अंकीय संगणकाकडे गेले. हा संगणक प्रत्येक क्षणी ज्वलनाचे गणित मुळापासून सोडवितो, असा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो. वास्तविक तो मुख्यतः आधी भरून ठेवलेली कोष्टके वाचतो. हे वाचन कसे होते आणि त्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न कोठे उद्भवतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोष्टकातील शोध

लॉगॅरिथमच्या पुस्तकाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. फरक एवढाच की येथे कोष्टकाला दोन अक्ष असतात : एकावर इंजिनाचा वेग, दुसऱ्यावर भार. इनटेक मॅनिफोल्डमधील दाब हे भाराचे एक प्रचलित माप होय. दोन्ही अक्षांवर सोळा-सोळा खुणा घेतल्यास २५६ घरे होतात आणि प्रत्येक घरात त्या स्थितीला योग्य ठरलेला अंश लिहिलेला असतो.

परंतु इंजिन खुणेवर थांबून राहत नाही. समजा, वेग मिनिटाला २२०० फेरे आणि दाब ५० किलोपास्कल आहे. कोष्टकात मात्र २००० व २५०० फेरे आणि ४० व ६० किलोपास्कल एवढ्याच खुणा आहेत. ४० च्या ओळीत २८ व ३० अंश, तर ६० च्या ओळीत २४ व २७ अंश लिहिले आहेत (हे आकडे केवळ उदाहरणादाखल). २२०० हा वेग २००० ते २५०० या अंतराच्या ०.४ भागावर येतो. म्हणून पहिल्या ओळीतून २८.८ आणि दुसऱ्या ओळीतून २५.२ अंश मिळतात. दाब दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये असल्याने अंतिम उत्तर २७ अंश येते. यालाच द्विरेषीय अंतर्वेशन म्हणतात.

हे गणित शाळकरी वाटले तरी त्यासाठी मिळणारा वेळ अत्यल्प असतो. चार सिलिंडरचे चतुःआघाती इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असता सेकंदाला २०० ठिणग्या पडतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये अवघे पाच सहस्रांश सेकंद उरतात. जुन्या आठ-बिट प्रोसेसरना दशांश अपूर्णांकांचे गणित परवडणारे नव्हते. म्हणून अंतराचा भाग २५६ व्या हिश्शांत मांडला जाई (०.४ ऐवजी १०२) आणि भागाकाराची जागा द्विमान अंक सरकविण्याच्या सोप्या क्रियेने घेतली जाई. अक्षावरील योग्य खूण शोधतानाही प्रत्येक वेळी आरंभापासून सुरुवात करण्याचे कारण नसते. पाच सहस्रांश सेकंदांत वेग फारसा बदलत नाही, तेव्हा मागील घरापासूनच शोध आरंभता येतो. कोष्टकाच्या कडेबाहेर गेल्यास सामान्यतः कडेचेच मूल्य कायम धरतात.

येथे एक प्रश्न सहज मनात येतो. इ.स. ६६५ मधील ‘खंडखाद्यक’ ग्रंथात ब्रह्मगुप्ताने ज्या-कोष्टकासाठी द्वितीय फरकही विचारात घेणारी अंतर्वेशनाची रीत दिली आहे. मग आधुनिक संगणकाने सरळ रेषेवर समाधान का मानावे? माझ्या मते यात आळस नसून शहाणपण आहे. वक्ररेषा दोन ज्ञात बिंदूंच्या मध्ये फुगून दोहोंपेक्षा मोठे मूल्य देऊ शकते. ज्या-फलनाचे रूप आधीच ठाऊक असते, तसे इंजिनाचे नसते. अशा फुगवट्यातून कोणीही न तपासलेला अंश इंजिनाला मिळेल. द्विरेषीय उत्तर मात्र चार कोपऱ्यांतील कमाल व किमान मूल्यांबाहेर जातच नाही. जेथे वर्तन झपाट्याने बदलते, तेथे खुणा दाट मांडणे हा अधिक सुरक्षित उपाय ठरतो.

इंधनाचे कोष्टक याच धर्तीवर वाचले जाते. त्यावर तापमान, बॅटरीचा दाब इत्यादींच्या दुरुस्त्या चढतात. शिवाय धुराड्यातील ऑक्सिजन-संवेदक इंधन कमी-अधिक झाल्याचे कळवितो आणि ती दुरुस्ती स्मृतीत साठविली जाते. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर शुद्ध इथेनॉलला सुमारे ९. इथेनॉल-मिश्रित पेट्रोल वापरताना ही दुरुस्ती उपयोगी पडते, मात्र तिलाही मर्यादा घालून दिलेल्या असतात.

कोष्टक कोण भरतो?

ही मूल्ये इंजिन डायनॅमोमीटरवर चालवून, मोजून, तडजोड करून अभियंते ठरवितात. शक्ती, इंधनबचत, इंजिनाचे आयुष्य आणि धुरातील प्रदूषके यांपैकी कशाला किती झुकते माप द्यावे, हा निर्णय त्या आकड्यांत गोठलेला असतो. वाहन घेणाऱ्याला तो दिसत नाही, आणि धूर तपासणाऱ्यालाही नाही.

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीला दिलेल्या नोटिशीने या अदृश्यतेचे गांभीर्य जगासमोर आणले. कंपनीच्या डिझेल मोटारींतील संगणक स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन चालू असल्याचा कालावधी आणि हवेचा दाब यांवरून चाचणी चालू असल्याचे ओळखत असे. चाचणीत एक मूल्यसंच वापरला जाई, रस्त्यावर दुसरा. आणि रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जाई. म्हणजे प्रत्येक वाचन गणितदृष्ट्या अचूकच होते. खोट होती ती कोणते कोष्टक वाचावे या निवडीत. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने केलेल्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये भारतातही सुमारे ३ लाख २३ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याची घोषणा झाली.

ठरावीक चाचणीचक्र कोष्टकाच्या मोजक्याच घरांतून फिरते, हे या प्रकरणाच्या मुळाशी असलेले तांत्रिक वास्तव होय. त्यावर उपाय म्हणून वाहनावरच मापनयंत्र बसवून शहर, ग्रामीण रस्ता व महामार्ग यांवरील धूर मोजण्याची पद्धत युरोपात २०१७ पासून अंमलात आली. भारतात १ एप्रिल २०२३ पासून भारत स्टेज ६ च्या दुसऱ्या टप्प्यात मोटारींना ती लागू झाली. चढ, वाहतूक-कोंडी आणि चालकाची सवय यांमुळे इंजिनाची स्थिती आता कोष्टकाच्या पुष्कळ अधिक घरांतून भटकते. कोष्टक स्वतः मात्र याही चाचणीत उघडले जात नाही. मोजला जातो तो त्यातून निघणारा धूर.