मी म्हणजे मीच!

सेल्फी दिला, आधार दिलं, पॅन दिलं... तरी अकाउंट विचारतंच राहतं, ‘हे नक्की तुम्हीच का?’ ओळख पटवण्याच्या या न संपणाऱ्या परीक्षेची गोष्ट, थेट नालासोपाऱ्याहून.

सकाळचे सव्वासात. बसायला जागा हवी असेल तर आधी उलटं विरारला जायचं आणि तिथून चर्चगेटची गाडी पकडायची, हा नालासोपारकरांचा जुना फंडा. त्या दिवशी माझ्या शेजारी आमच्या बी विंगमधल्या वहिनी होत्या. मोबाइल चेहऱ्यासमोर धरून मान डावीकडे, मग उजवीकडे, मग वर. समोरच्या काकूंनी काळजीने विचारलं, ‘मान आखडली का हो?’

‘नाही हो, व्हिडिओ सेल्फी मागतायत,’ वहिनी वैतागून म्हणाल्या. ‘चौथ्यांदा! मी मीच आहे हे आता कुणाला सांगू?’

डब्यात हशा पिकला. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

कारण प्रकरण सीरियस होतं. सोमवार ते शुक्रवार अंधेरीत अकाउंट्सची नोकरी आणि शनिवार-रविवार ब्रायडल मेकअप, असं वहिनींचं डबल शिफ्टचं आयुष्य. सहा वर्षांत केलेल्या नवऱ्यांचे फोटो, त्यांचे अभिप्राय, नव्या बुकिंगच्या गप्पा, सगळं एकाच सोशल मीडिया अकाउंटवर. तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली आणि नेमकं त्याच आठवड्यात अकाउंट बंद. स्क्रीनवर एकच ओळ, ‘ओळख पटवा.’ तीन मुलींनी अॅडव्हान्स दिलेला. त्यांतल्या दोघींचे फोन नंबर त्या बंद झालेल्या चॅटमध्येच!

तीन कागद, तीन नावं

वहिनींनी आधारचा फोटो पाठवला. नामंजूर. पुन्हा पाठवला. पुन्हा नामंजूर. तिसऱ्यांदा तोच. कंपनीचं उत्तरही तेच.

संध्याकाळी त्यांच्या घरी चहा घेताना आम्ही सगळी कागदपत्रं टेबलावर मांडली आणि लोच्या लक्षात आला. अकाउंटवर माहेरचं नाव. आधारवर लग्नानंतर बदललेलं सासरचं. पॅन अजून माहेरच्याच नावाचं. माणूस एक, नावं दोन, आणि शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, म्हणजे तिसराच प्रकार.

आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. लग्नानंतर मधलंही बदलतं आणि शेवटचंही. त्यात आता भर पडली आहे. १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नावही लावायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये घेतला. म्हणजे मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. निर्णय छानच आहे. पण या मुलांपैकी सगळ्यांत मोठी मुलं २०२७ मध्ये १३ वर्षांची होतील, म्हणजे बहुतेक सोशल मीडियाच्या किमान वयाची. चार भागांचं नाव दोन रकान्यांत कसं बसवायचं, हा प्रश्न तेव्हा घराघरांत येणार.

पत्त्याची कथाही तीच. वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्या दिवशी तो नव्या पालघर जिल्ह्यात आला. जुन्या कागदांवर अजून ठाणे आहे, नव्यांवर पालघर. शिवाय इंग्रजीत नालासोपारा एका ‘एल’ने लिहायचं की दोन, जोडून की तोडून, यावर एका बिल्डिंगचंही एकमत होणार नाही. साध्या अकाउंटला सहसा पत्ता लागत नाही, पण व्यवसायाचं खातं तपासताना कागदावरचा पत्ता पाहतात आणि मग ‘एल’ही महत्त्वाचा ठरतो.

पुन्हा पुन्हा का विचारतात?

पहिली तपासणी बहुतेक वेळा यंत्रच करतं. फोटोतली अक्षरं वाचायची, ती अकाउंटवरच्या नावाशी आणि जन्मतारखेशी ताडून बघायची, बास. यंत्राला ‘अहो, लग्न झालं माझं’ असं सांगता येत नाही. म्हणून तोच फोटो दहा वेळा पाठवला, तरी उत्तर दहा वेळा तेच येणार.

एकदा पास झालात म्हणजे सुटलात असंही नाही. नवा फोन घेतला, अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झालं, नाव बदललं, जाहिरात द्यायला घेतली किंवा कुणी तक्रार केली, की संशयाची घंटा पुन्हा वाजू शकते. घरच्या वायफायवरून मोबाइल डेटावर गेल्यावर ‘तुम्ही दुसऱ्या शहरातून लॉगिन केलंय का?’ असा मेसेज आपल्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल.

हे सगळं निव्वळ छळायला चालतं असंही नाही बरं का. आपल्याच फोटोचं खोटं अकाउंट काढून आपल्याच मित्रांकडे पैसे मागण्याचे प्रकार आता सगळ्यांना माहीत आहेत. अशा वेळी तपासणी हवीच असते. फक्त ती दुसऱ्याची व्हावी, असं आपल्याला वाटतं!

अहमद की सलमान?

यंत्राला वा नियमाला मोठा माणूसही कळत नाही. मुंबईत जन्मलेले लेखक सलमान रश्दी यांचं अकाउंट नोव्हेंबर २०११ मध्ये फेसबुकने बंद केलं होतं. ओळख पटवायला त्यांनी पासपोर्ट दिला. पासपोर्टवर पहिलं नाव ‘अहमद’, मग फेसबुकने त्यांचं नाव ‘अहमद रश्दी’ करून टाकलं. हे नाव ते कधी वापरतच नाहीत! त्यांनी ट्विटरवर जाहीर टोले हाणले तेव्हा कुठे ‘सलमान’ परत मिळालं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ड्रॅग कलाकारांची अकाउंट्स त्यांच्या रंगमंचावरच्या नावांमुळे बंद झाली. बराच गदारोळ झाला आणि त्या ऑक्टोबरमध्ये फेसबुकला माफी मागावी लागली. डिसेंबर २०१७ मध्ये तर भारतात नव्याने येणाऱ्या काही लोकांना ‘आधारवरचं नाव वापरा’ असं सुचवून पाहिलं गेलं. सक्ती नाही, छोटी चाचणी होती, असं सांगून कंपनीने विषय संपवला.

आणि प्रत्येक वेगळं नाव म्हणजे फसवणूक असं थोडंच आहे? नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्याच पालघरमध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून एका तरुणीला आणि ते लाइक केल्यावरून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं. पण खरं नाव लावून बोलायचं दडपण एखाद्याला का येतं, हे आपल्या जिल्ह्यात वेगळं समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे, वेगळ्या नावाने ‘पोस्ट’ टाकण्याची परंपरा आपल्या गावात फारच जुनी आहे. सोपारा हे प्राचीन बंदर, जुन्या ग्रंथांतलं शूर्पारक. इथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. अशोकाच्या बहुतेक लेखांत ‘अशोक’ हे नाव नाहीच! तिथे तो ‘देवानांपिय पियदसि’ असतो. हा पियदसि म्हणजे अशोकच, याचा थेट पुरावा मिळाला १९१५ मध्ये, कर्नाटकातल्या मस्कीच्या लेखात. व्हेरिफिकेशनला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली. त्या मानाने आपण लकी!

मग वहिनींचं काय झालं?

चौथ्या दिवशी त्यांना मेसेज आला, ‘२४ तासांत लिंकवर व्हेरिफाय करा, नाहीतर अकाउंट कायमचं डिलीट.’ घाबरलेला माणूस लिंक दाबतोच. वहिनींचा अंगठा स्क्रीनवर टेकणार, इतक्यात त्यांच्या मुलीने पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला. भलताच होता. पासवर्ड थोडक्यात वाचला.

मग आम्ही आधार बाजूला ठेवलं आणि पॅनचा स्वच्छ फोटो पाठवला. नाव अकाउंटशी जुळत होतं. अकाउंट परत मिळालं, पण एकूण १९ दिवसांनी. तोवर एका नवरीने दुसरी मेकअपवाली ठरवली होती. ‘तिचा काय दोष?’ वहिनी म्हणाल्या. ‘तिला वाटलं, मी पैसे घेऊन गायब झाले.’

खरी जखम ही. ओळख कंपनीला पटली नव्हती, नाव मात्र वहिनींचं गेलं. आपण सहा वर्षं दुकान सजवतो, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते.

आता वहिनींकडे एक साधी वही आहे. प्रत्येक नवरीचं नाव, नंबर, तारीख, मिळालेला अॅडव्हान्स. परवा नवा फोन घेतला आणि अकाउंटने पुन्हा विचारलं, ‘हे तुम्हीच का?’ वहिनींनी गाडीतच मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वर केली. आणि या वेळी काकूंच्या आधी स्वतःच हसल्या.

तुमच्यावर ही वेळ आली तर...

• आधी जुळवा, मग पाठवा. अकाउंटवरचं नाव आणि जन्मतारीख ज्या कागदाशी जुळते तोच कागद द्या. काही जुन्या आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्ष असतं, हेही तपासा.

• फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, चारही कोपरे दिसतील असा काढा. नामंजूर झाला तर तोच पुन्हा पाठवू नका.

• आधारच हवं असं नसतं. पासपोर्ट, लायसन्स, पॅन, काय चालतं ती यादी वाचा. आधार द्यायचंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करून वापरून बघा.

• नाव घाईत बदलू नका. फेसबुकवर एकदा बदललं की ६० दिवस पुन्हा बदलता येत नाही.

• मेसेजमधली लिंक दाबू नका. अॅप स्वतः उघडा, खरी मागणी तिथे दिसेलच. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा.

• कंपनी ऐकत नसेल तर तिच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२१ च्या नियमांनी हे पद बंधनकारक केलं. त्याचा निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. ही सोय मार्च २०२३ पासून आहे.

• आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ग्राहकांचे नंबर आणि आवडते फोटो अकाउंटबाहेरही ठेवा. अगदी दहा रुपयांच्या वहीतसुद्धा.