पत्त्यांची वही कोरी करण्याचा खर्च

जयपूरच्या बनी पार्कातील जिल्हाधिकारी कचेरीसारख्या कोणत्याही जुन्या कचेरीत मुरलेला कारकून वारंवार मागितल्या जाणाऱ्या कागदांचे ठिकाण, म्हणजे कोणते कपाट आणि त्यातला कोणता रुमाल, हे एका लहानशा टिपणवहीत उतरवून जवळ ठेवतो, आणि त्यामुळे दर अर्जासरशी मूळ फेरिस्ता चाळण्याचा त्रास वाचतो. संगणकाच्या प्रोसेसरपाशीही अशी एक टिपणवही असते. तिला टीएलबी म्हणतात.

प्रत्येक प्रोग्रॅमला सारी मेमरी आपलीच आहे असा भास व्हावा म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम त्याला काल्पनिक पत्ते देते, आणि त्यांच्यामागच्या खऱ्या जागांची नोंद पेज टेबलांत ठेवते. इंटेलच्या 64 बिटी प्रोसेसरांत प्रचलित असलेल्या 48 बिटांच्या पत्त्यापैकी शेवटचे 12 बिट चार किलोबाइटच्या पानातील नेमकी जागा सांगतात, तर उरलेले 36 बिट नऊ-नऊंच्या चार तुकड्यांनी चार पातळ्यांची टेबले एकामागून एक उघडत नेतात. म्हणजे एका वाचनासाठी आधी चार वाचने. टीएलबी हा फेरा वाचवते खरा, पण तिची ऐपत तोकडी. स्कायलेक पिढीच्या दुसऱ्या पातळीवरील टीएलबीत 1536 नोंदी मावतात, आणि त्या अवघ्या सहा मेगाबाइटांना पुरतात.

एका प्रोग्रॅमचा पत्ता दुसऱ्याच्या नोंदीने उलगडला जाणे हा घोर प्रमाद असल्याने 1985 च्या 80386 पासून इंटेलने असा रिवाज पाडला की, सीआर3 या रजिस्टरात नव्या टेबलाचा पत्ता लिहिताच टीएलबी कोरी व्हावी. पुसणे क्षणाचे, खर्च मागाहून, प्रत्येक नोंद नव्याने शोधताना पडतो, आणि तो कोणत्याही एका आज्ञेच्या नावे खतावला जात नसल्याने मोजणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतो.

याहून दांडगा खर्च अनेक कोअरच्या यंत्रांत होतो, कारण तेथे प्रत्येक कोअरची टीएलबी स्वतंत्र असते. एका कोअरवरील धाग्याने मेमरीचा तुकडा परत केला की, तोच प्रोग्रॅम चालवणाऱ्या इतर कोअरना कर्नल तातडीचा इंटरप्ट धाडतो. ते हातचे काम टाकतात, नोंदी पुसतात, पोच देतात, आणि शेवटची पोच येईपर्यंत पहिला कोअर ताटकळत राहतो. जाणकार याला शूटडाउन म्हणतात, आणि नाव सार्थ आहे. इंटेलच्या यंत्रांवरील लिनक्समध्ये 33 पानांहून अधिक नोंदी पुसायच्या झाल्यास एकेक न पुसता सारी टीएलबीच कोरी करावी असा मूळचा दंडक आहे. मला तो रांगडा परंतु समंजस वाटतो.

खरा उपाय मात्र पुसण्याचा वेग वाढवण्यात नसून नोंद कोणाची हे तिच्यावरच लिहिण्यात आहे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या ‘अजित’ प्रोसेसरने जो स्पार्क व्ही8 आराखडा स्वीकारला, त्याच्या मेमरी-व्यवस्थेच्या विनिर्देशात अशा संदर्भक्रमांकाची तरतूद फार पूर्वीपासून आहे. इंटेलला ती पीसीआयडी या नावाने 2010 च्या सुमारास सुचली, आणि लिनक्सने तिचा उपयोग नोव्हेंबर 2017 च्या 4.14 आवृत्तीत आरंभला. ही दिरंगाई लवकरच भोवली असती. जानेवारी 2018 मध्ये ‘मेल्टडाउन’ हा दोष जाहीर झाला, आणि बचावासाठी कर्नलची व प्रोग्रॅमची टेबले वेगळी करावी लागली. परिणामी प्रत्येक सिस्टीम कॉलला जाताना एकदा आणि येताना एकदा टेबल बदलणे आले. पीसीआयडी नसलेल्या यंत्रांत या दोन्ही खेपांना टीएलबी पुसली जाते, आणि डेटाबेससारखी कर्नलला घडोघडी हाक मारणारी कामे त्याची झळ सर्वाधिक सोसतात.

तेव्हा जुना इंटेल सर्व्हर स्वस्तात मिळतो म्हणून घेण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालवून प्रोसेसरच्या गुणांच्या यादीत पीसीआयडी हे नाव आहे की नाही, एवढे वाचकाने अवश्य पाहून घ्यावे.