पांघरूण

दिवाळीच्या अंकात मरणाचा विषय काढला म्हणून काही वाचक नाराज होतील. पण मागच्या दिवाळीत ज्यांच्या दारी आकाशकंदील लागला नव्हता, अशा चार घरी मी फराळाचे डबे घेऊन गेलो होतो. तिथे जे ऐकले, ते आपल्यापुढे मांडल्यावाचून राहवत नाही. माणूस गेल्याचे दुःख चारही घरी होते. गाऱ्हाणे मात्र होते ते माणूस कसा गेला याचे.

माझी मावसबहीण म्हणाली, “दादा, अकरा दिवस हे अतिदक्षता विभागात होते. सकाळी दहा मिनिटे भेट, संध्याकाळी दहा मिनिटे. बिलाचा आकडा रोज कळे. पण हे आता जाणार, हे कोणी शब्दाने बोलले नाही. यांच्यापासूनही आजाराचे नाव सर्वांनी लपवलेले. शेवटी यांना काहीतरी सांगायचे होते रे, पण तोंडात नळी होती!”

आमच्या शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांची हकीकत निराळी. त्यांच्या पत्नीलाही कर्करोगच होता. पण त्या रुग्णालयात वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग होता. डॉक्टरांनी नवराबायकोला एकत्र बसवून खरे ते सांगितले. दर चार तासांनी मॉर्फीन सुरू झाले, कळ ओसरली आणि बाई बोलू लागल्या. पैठणी कोणत्या सुनेला, पाटल्या कोणाला, हे त्यांनीच ठरवले. नवऱ्याला आमटीची फोडणीसुद्धा शिकवली! “गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता,” मास्तर म्हणाले. महिन्याभराने तिथल्या परिचारिकेने फोन करून त्यांची विचारपूस केली. मास्तर रडले, पण त्यांचे गाऱ्हाणे नव्हते.

या सेवेला इंग्रजीत पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत परिहारक सेवा. मूळ लॅटिन शब्द ‘पॅलियम’, म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र, पांघरूण. मी मराठीचा मास्तर. मला आपल्या भाषेची गंमत वाटली. आपण कुडकुडणाऱ्यावर पांघरूण घालतो, तसेच नको असलेल्या गोष्टीवरही पांघरूण घालतो! मावसबहिणीच्या घरी दुसरे घातले गेले, मास्तरांच्या घरी पहिले.

हे पहिले पांघरूण आता नवे राहिलेले नाही. डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढले. देहाच्या वेदनेबरोबर मनाची, संसाराची आणि श्रद्धेचीही वेदना असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवले. आपल्याकडे वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झाले. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फीन मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट पुष्कळ मोकळी केली. तरी “व्यसन लागेल” ही भीती घरोघरी आहेच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मापाने दिलेल्या औषधाचे व्यसन क्वचितच लागते.

बरे होण्याची आशा नसताना केवळ यंत्रांच्या आधारे आपले आयुष्य लांबवावे की नाही, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होते. मृत्युपत्र करतो, तसेच हेही करावे.

परिहारक सेवा म्हणजे उपचार सोडणे, असा समज करून घेऊ नका. रोगावरचे उपचार चालू असतानाही ती घेता येते. मोठ्या दुखण्याचे निदान झाले, की डॉक्टरांना विचारा, “यांच्या वेदनेसाठी काय कराल?” आणि मग खुर्ची पलंगाजवळ ओढून आजाऱ्यालाच विचारा, “तुम्हाला काय हवे आहे?” उत्तर ऐकणे जड जाईल. पण ते ज्यांच्या कानी पडले, त्यांना पुढची वर्षे थोडी सोपी गेलेली मी पाहिली आहेत.