टाकी पाडायची की सांभाळायची?

माझं आयुष्य बांधकामावर गेलं. उंच टाकीच्या अंगावर तांबूस ओघळ दिसला की मी थांबतोच. आत सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. हातोडीनं ठोकून पाहावं: पक्कं काँक्रीट खणखणतं, सुटलेलं बद्द वाजतं. सुटलेलं तेवढं काढायचं, सळई उजळेपर्यंत घासायची, गंजरोधक लावून पॉलिमर मिसळलेला मॉर्टर भरायचा. मग पाणी भरून गळती तपासायची, क्लोरीननं टाकी धुवायची.

पाडायची की सांभाळायची, हा प्रश्न मुंबईतही आला: मलबार हिलला हँगिंग गार्डनखाली ब्रिटिशकालीन जलाशय आहे. तो पाडून नवा बांधायचा महापालिकेचा बेत होता. शेकडो झाडांवर गदा येणार होती. नागरिकांनी विरोध केला. २०२३मध्ये तज्ज्ञ समिती आत उतरली. त्यातल्या काही सदस्यांनी सांगितलं, पाडायची गरज नाही, दुरुस्ती करा. मला हे मनापासून पटतं. अडचण वेगळीच आहे: दक्षिण मुंबईचे नळ कोरडे न ठेवता जलाशय रिकामा कसा करायचा? कप्पे असतील तर एकेक हाती घेता येतो. एकाच कप्प्याच्या टाकीला मात्र टँकर लागतात, आणि त्यांचं वेळापत्रक रहिवाशांच्या हाती आधीच पडायला हवं.